बावखलाचं शेवाळ

तीस वर्षं मी वसईच्या मुलांना फ्युनारिया शिकवला आणि तीस वर्षांत एकदाही फ्युनारिया पाहिला नाही. हे कबूल करताना खरं तर लाज वाटायला हवी, पण सध्या मी इतक्या आनंदात आहे की लाजेला जागाच नाही. परवापासून भेटेल त्याला थांबवून मी शेवाळाबद्दल सांगते आहे. मासळीवालीला सांगितलं, फादरांना सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वनस्पतींच्या वर्गीकरणात ब्रायोफायटा आला की पुस्तकात फ्युनारिया या मॉसचं चित्र असतं. बारीक दांड्यावर मान टाकलेलं, नासपतीच्या आकाराचं बोंड. चित्र फळ्यावर काढायचं आणि प्रात्यक्षिकाला नमुना म्हणून आमच्या पापडी गावच्या वाडीतल्या बावखलाच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून न्यायचं, असा माझा शिरस्ता होता. "हा बघा फ्युनारिया," असं मी ठणकावून सांगायची. एका वर्षी चांदीपहून येणारी एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ह्याला बोंडं का नाहीत? आणि वाळल्यावर ह्याची पानं अशी आत का गुंडाळतात? चित्रात तसं नाहीये." मी म्हणाले, "आत्ता सीझन नाही. बस खाली." ती बसली. ती बरोबर होती आणि मी चूक होते, हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

बावखल म्हणजे वाडीतला खोदलेला छोटा तलाव. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आणि त्यावर केळी आणि पानवेली उन्हाळ्यापर्यंत तगायच्या. आमच्या बावखलाच्या उत्तरेला दगडाची जुनी भिंत होती, शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेली. तिथे ऊन पोचत नसे. त्या भिंतीवर मखमलीसारखं दाट शेवाळ असायचं, आणि नाताळच्या गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, हिरवळ तिथूनच यायची.

ती हिरवळ काढायचा मान बांचा. बा म्हणजे माझे वडील, आज वय ब्याऐंशी. गावातल्या कितीतरी घरांच्या गोठ्यांना त्यांनीच शेवाळ दिलेलं आहे. त्यांचे नियम कडक होते. कोयत्याच्या टोकाने, खालच्या चुन्याच्या पापुद्र्यासकट तुकडा काढायचा. एक हात जागा काढली की एक हात जागा सोडायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला, गोठा उठवला, की दुसऱ्या दिवशी ते शेवाळ भिजवलेल्या चुन्यात थोडं शेण कालवून भिंतीवर परत चिकटवायचं. "घेतला ते परत द्यावा," एवढंच ते म्हणायचे. मी बी.एस्सी. झाल्यावर त्यांना हसले होते. बारा-तेरा दिवस घरात वाळलेलं शेवाळ कसलं जगतंय, म्हणाले होते. ते पाटी उचलून बावखलाकडे गेले.

मग चार वर्षांपूर्वी ते बावखल बुजलं. चार भावांची जमीन, तिघांना विकायची होती. बा थोरले, म्हणून कागदावर पहिली सही त्यांची. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला दोन दिवस असताना डंपर आले आणि संध्याकाळपर्यंत भिंतीसकट सगळं मातीखाली गेलं. माझ्या नाकावर राग कायमचाच, त्या दिवशी तो जिभेवर आला. मी एकच वाक्य बोलले, "बा, पहिली सही तुमची होती." ते जेवत होते. जेवण संपवून उठले आणि हात धुवायला गेले. त्यानंतर आम्ही दोघं त्याच घरात राहिलो, समोरासमोर बसून जेवलो, पण बावखल हा शब्द दोघांपैकी कोणी काढला नाही. मी लग्न केलेलं नाही, आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नव्हतं. त्या जागेवर सात मजली सोसायटी उभी राहिली. तिच्या गेटवरून जाताना मी मान वळवायची नाही.

त्यानंतरचे नाताळ आम्ही विरारच्या बाजारातून आणलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर काढले. बाळ येशू त्यावर कसातरीच दिसायचा.

या डिसेंबरात मी गोठ्याची पेटी माळ्यावरून खाली काढली. मेंढरं, उंट, तीन राजे, एका राजाचा हात मोडलेला. सगळ्यांच्या खाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. उघडला तर आत वर्तमानपत्रात बांधलेला काळपट चुरा, करपलेल्या चहापत्तीसारखा. मी तो केरात टाकायला निघाले तेवढ्यात मागून बांचा आवाज आला.

"टाकू नकोस. ते बावखलाचं हाय."

मी जागच्या जागी थांबले. डंपर आले त्या दिवशी बावखलाचं शेवाळ आमच्या घरात, गोठ्यात होतं! भिंत गेली, पण त्या वर्षीचं शेवाळ वाचलं होतं आणि परत द्यायला जागा नाही म्हणून बांनी ते डब्यात घालून ठेवलं होतं.

"मला सांगितलं का नाही?"

"तुना सांगितलं असतं तं तू बोलली असतीस, मेलंय."

बोलले असतेच. मी एक चिमूट बशीत घेतली आणि वर चमचाभर पाणी सोडलं. आणि काय सांगू, दोन मिनिटांत ते हलायला लागलं! एकेक पान नळीसारखं आत गुंडाळलेलं होतं, ते उलगडत बाहेर आलं. काळ्यातून हिरवं निघालं. मी धावत जाऊन भिंग आणलं, दहापट मोठं दाखवणारं, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोपरं टेकून बघत बसले. गॅसवर दूध उतू गेलं तरी मी जागची हलले नाही. जिभेच्या आकाराची पानं. मधोमध एक ठसठशीत शीर, टोकापर्यंत गेलेली. टोकाजवळच्या कडेला करवतीसारखे बारीक दात. आणि पानांच्या बेचक्यांत चांदणीसारखे इवलेसे कण, ज्यांतून बी नसतानाही नवं रोप उगवतं. बोंड मात्र एकही नाही. मी पुस्तकं काढली, फोनवर शोधलं, रात्रीचा स्वयंपाक बांनी केला. शेवटी नाव सापडलं, हायोफिला इन्व्होल्युटा. इन्व्होल्युटा म्हणजे आत वळलेली. ती मुलगी वर्गात उभी राहून नेमकं हेच सांगत होती आणि मी तिला खाली बसवलं होतं.

"बा, हा फ्युनारिया नाहीच! फ्युनारियाचं कूळ वेगळं, ह्याचं पॉटियेसी. ह्याला चुना लागतो. चुन्याचा दगड, विटा, सिमेंट, जिथे चुना आणि ओल तिथे हा. ह्याच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी. आपल्या भिंतीवर एकाच लिंगाचे असणार, म्हणून कधी बोंडं धरली नाहीत. मूळ नाही, नुसते धागे असतात धरून राहायला. पाणी संपलं की पानं मिटून झोपतो, मिळालं की उठतो!"

बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग जिता हाय ना?"

आणि इथे माझ्यातली शिक्षिका आडवी आली. मी खोटं बोलू शकत नाही, निदान वनस्पतींच्या बाबतीत तरी नाही. पान उलगडणं ही पाण्याची करामत असते. मेलेलं पानही पाणी पिऊन उलगडतं, मेलेलं पानही काही दिवस हिरवं दिसतं. जिवंत असेल तर नवे कोंब येतील, आठवडे लागतील. मी तसं सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण "बरं" म्हणाले.

या नाताळला आमच्या गोठ्यात पुन्हा खरी हिरवळ होती. मी एक चिमूट बशीत वेगळी ठेवली, रोज पिण्याचं पाणी घालायची. आठवड्यात तिच्यावर बुरशी आली.

"बशीत कोन वाढते?" बा म्हणाले. "त्याना भिंत पायजे."

मी लक्ष दिलं नाही. तीन राजांचा सण झाला, गोठा उठला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना फोन आला. त्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. "मॅडम, तुमच्या वडिलांना जरा घेऊन जा. आमच्या कंपाउंड वॉलला शेण लावतायत."

गावात दोन-तीन म्हातारे असे भरकटलेले मी पाहिले आहेत, बुजलेल्या विहिरीवर पाणी भरायला जाणारे. स्कूटर कशी काढली आणि बोळिंजच्या कॉलेजातून पापडीला कशी पोचले ते मला आठवत नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्या गेटातून आत गेले.

मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीशी बा उभे होते. हाताला कोपरापर्यंत चुना, पायाशी बादली. समोर वॉचमन आणि सेक्रेटरी. भिंतीवर पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप होता, रोज सकाळी पंप लावला की त्यातून भिंतीवर पाणी झिरपायचं. त्या ओघळाखाली बांनी दोन हात जागेत शेवाळ चिकटवलं होतं.

"बा," मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आपलं बावखल कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारते आहे आणि का विचारते आहे, हे त्यांना लगेच कळलं.

"बुजवला. मीच सही केली." चुन्याने भरलेले हात त्यांनी पुढे धरले. "सही परत घेता येत नय. हे तरी परत देता येते."

मला काय झालं ते सांगता येणार नाही. चार वर्षं मी ज्या माणसावर रागावले होते तो माझ्याहून जास्त स्वतःवर रागावला होता, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी वळले आणि सेक्रेटरींवर भडकायचं ठरवलं, पण ते भले गृहस्थ निघाले, नुसते वैतागलेले. "मॅडम, पाडव्याच्या आधी कलर मारायचाय सगळ्या वॉलला. सोसायटीचा ठराव झालाय. हे असं घाण राहिलं तर लोक मला बोलतील."

घाण! मी पर्समधून भिंग काढलं. बादलीच्या काठाला शेवाळाचा एक कोरडा तुकडा चिकटला होता, तो तळहातावर घेतला, बाटलीतलं पाणी त्यावर टाकलं आणि सेक्रेटरींच्या डोळ्याला भिंग लावलं. "फक्त बघा. काही बोलू नका."

त्यांनी वाकून भिंग पुढे-मागे केलं. मग ओरडले, "अरे, हे हलतंय!"

झालं. वॉचमनने पाहिलं. तळमजल्यावरच्या बाई कणकेच्या हाताने आल्या, त्यांनी पाहिलं. वरून आणखी दोघी उतरल्या. मी तिथे उभ्या उभ्या तास घेतला. मॉसला वनस्पतिसृष्टीचे उभयचर का म्हणतात, बेडकासारखं त्यालाही जन्मासाठी पाणीच का लागतं, सगळं सांगितलं. असा वर्ग मला तीस वर्षांत मिळाला नव्हता. कणीकवाल्या बाई म्हणाल्या, "मग राहू द्या की हो. एवढंसं तर आहे." सेक्रेटरींनी भिंग परत देता देता तोडगा काढला. पाडव्यापर्यंत मुदत. तोवर जगलं तर तेवढी जागा रंगवायची नाही, मेलं तर रंगाखाली जाईल. मात्र येता-जाता गेटवरच्या वहीत नोंद करायची.

बांनी नोंद केली. मी केली नाही. आमच्याच जमिनीवर पाहुणी म्हणून सही करायला माझा हात उठेना. वॉचमन सज्जन, तो दुसरीकडे बघायचा.

मग आमचा रोजचा परिपाठ सुरू झाला. सकाळी सातला दोघं जायचो. बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढे ढकलत आणलेलं, त्यामुळे त्यांना ते बारीक काही दिसायचं नाही. ते गेटपाशी वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि मी भिंग घेऊन भिंतीशी जायची. परत आले की ते विचारायचे, "हाय?" आणि मी म्हणायची, "अजून नाही."

पहिल्या आठवड्यात शेण वाळून भेगा पडल्या. तिसऱ्या आठवड्यात बशीतलं शेवाळ मी फेकून दिलं, म्हणजे जगात आता तेवढंच उरलं, त्या दोन हात भिंतीवरचं. महिन्याभराने तेही काळं पडलं. उलगडलेली पानं तपकिरी झाली. एकदा तर मला वाटलं, खोटंच सांगून टाकावं. कोण बघतंय? त्यांना दिसत नाही आणि बाकी कोणाला कळत नाही. गेटपर्यंत मी वाक्य तयार करत आले. "हाय?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून नाही, बा." ते म्हणाले, "उद्या बघू." असं एक दिवस नाही, दोन महिने.

पाडव्याला आठ दिवस उरले होते. रंगाचे डबे जिन्याखाली येऊन पडले होते, पलीकडच्या भिंतीला घासकामही सुरू झालं होतं. त्या सकाळी मी भिंग लावलं ते सवयीनेच. काळ्या पानांच्या मध्ये हिरवी लव दिसली, बारीक धाग्यांची. भिंग सरकवलं. त्या धाग्यांतून पोपटी कोंब निघाले होते. एक, दोन, पाच, मग मोजायचं सोडून दिलं. जुन्या पानांसारखे ते नुसते उलगडलेले नव्हते, ते नवे होते. टोकाजवळ दात, मधोमध शीर, तोच हायोफिला!

लगेच मनात शंका आली. ही जात सगळीकडे असते, सिमेंटवर आपोआपही येते. भिंतीवर तीच आपणहून उगवली नसेल कशावरून? मी आजूबाजूला भिंग फिरवलं आणि मला जे दिसलं त्याने मी मोठ्याने ओरडलेच. वॉचमन काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप. बांनी शेवाळ एका सलग पट्ट्यात लावलंच नव्हतं. एक वीत लावलं होतं, एक वीत नुसता चुना आणि शेण फासून मोकळं सोडलं होतं, पुन्हा एक वीत लावलं होतं. पाइपचं पाणी दोन्हींवर तेवढंच. मोकळ्या विती करड्याच होत्या, आणि लावलेल्या विती हिरव्या. आयुष्यात प्रयोगशाळेची पायरी न चढलेल्या माणसाने मला सबंध प्रयोग मांडून दिला होता, आणि दोन महिने रोज बघूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी गेटकडे चालत निघाले आणि निम्म्या वाटेत धावायला लागले. छप्पन्न वर्षांची बाई, साडी एका हातात धरून.

"हाय?" बांनी विचारलं.

"हाय, बा. हाय!"

ते उठायला गेले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "मोकला सोडला तटे काय हाय?"

"तिथे काही नाही. तिथे मोकळंच आहे."

"मंग आपलाच हाय," ते म्हणाले, आणि पंच्याच्या टोकाने डोळे पुसले. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला हसूही येत होतं.

निघताना टेबलावरची वही उघडी दिसली. नाव, कोणाकडे, वेळ, सही, असे चार रकाने. बांच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरातल्या नोंदी मी पहिल्यांदाच पाहिल्या. जानेवारीतल्या त्या दिवसापासून एकही सकाळ चुकलेली नव्हती. आणि 'कोणाकडे' या रकान्यात, इतर पाहुण्यांच्या फ्लॅट नंबरांच्या मध्ये, दर वेळी एकच शब्द लिहिलेला होता. बावखल.

"मी बोललो त्यांना, फ्लॅट नंबर टाका," वॉचमन म्हणाला. "तर बोलले, फ्लॅटच्या आधी हेच होतं."

मी पेन मागून घेतलं. त्या दिवशीची त्यांची नोंद सगळ्यात खाली होती. तिच्याखाली मी माझं नाव लिहिलं, 'कोणाकडे'च्या रकान्यात बावखल लिहिलं, वेळ घातली, आणि बांच्या सहीखाली माझी सही केली.